नवमीचा घास

१

घटपर्णीला नळाचे पाणी चालत नाही. रायपूरचे पाणी जड. त्यातले क्षार मुळांशी साचतात आणि पंधरा दिवसांत पाने कडेने करपू लागतात. तिला साठवलेले पावसाचे पाणी द्यावे; ते संपले तर स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राचे. खत देऊ नये, माती देऊ नये. नारळाचा भुसा आणि शेवाळ तिला पुरते. ऊन गाळून द्यावे. पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या घटाचे झाकण आयुष्यात एकदाच उघडते आणि पुन्हा कधी मिटत नाही. ते बोटाने मिटवू पाहू नये.

या सूचना माझ्या पत्नीच्या, रमाच्या. तिने त्या एका वहीत लिहिल्या होत्या आणि ती गेल्यापासून दीड वर्ष ही वही माझ्या देव्हाऱ्यात पोथीशेजारी होती.

रमा मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवी. ती निवृत्त झाल्यावर मेघालयात नोकरीला गेलेल्या एका विद्यार्थिनीने तिला पहिले रोप पाठवले, आणि बघता बघता आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या मागच्या खिडकीत सहा कुंड्या झाल्या. घटाच्या निसरड्या काठावरून मुंगी घसरे, आतल्या पाण्यात पडे आणि हळूहळू विरघळून जाई. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुंग्यांना साखर घातली, त्याच घरात मुंग्या खाणारे झाड. मी नाराजी दाखवली की रमा हसे.

"तुम्ही देवाले रोज नैवेद्य दाखवता. तो खाताना दिसला का कधी? माझी ही बघा. टाकलं का खाल्लं."

"ती हिंसा आहे, रमा."

"भूक आहे. भुकेले कोणी हिंसा म्हणते का? अन्‌ ऐका, मी गेल्यावर कावळ्याची विनवणी करत बसू नका. माझा घास हिच्यात टाका. ही नाही म्हणून नाही राहिली."

थट्टा होती ती. पण दहाव्या दिवशी महादेव घाटावर पिंडाला कावळा खरोखरच शिवेना. अशा वेळी आपल्यात एकेकाने पुढे होऊन मृताला वचन द्यायचे असते, म्हणजे अडकलेली इच्छा सुटते. मुलगा शिशिर म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." सून ऋता म्हणाली, "आई, तुमची भांडी मी मोडीत नाही घालणार." कावळे पिंपळावरून हलेनात. ऊन चढले. शेवटी मी पुढे झालो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "तुझी झाडे मी जगवीन."

एक कावळा तत्क्षणी उतरला.

२

पुढच्या वर्षी शिशिरचे मंत्रालय नव्या राजधानीत हलले आणि त्याला तिथे सरकारी घर मिळाले. सहा कुंड्या मांडीवर आणि पायांशी घेऊन मी तात्यापारा सोडला.

नव्या रायपुरात रस्ते इतके रुंद होते की पलीकडच्या कडेचा माणूस ओळखू येत नसे, आणि बहुधा तिथे माणूसही नसे. आमच्या ओळीत सोळा घरे. त्यांतली चार उघडी, उरलेल्यांच्या कुलपांवर अजून कारखान्यातले तेल होते. घर मोठे, पण आम्ही वापरत होतो खालचाच भाग. जेवणाच्या खोलीच्या एका कोपऱ्यात माझे देवघर, दुसऱ्या टोकाला मागचा सज्जा. सज्ज्याला हिरवी जाळी लावली आणि तिथे लोखंडी घोडीवर कुंड्या मांडल्या. ऊन आत येऊ नये म्हणून ऋताने पंडरीच्या कापडबाजारातून जाड मेंदी रंगाचा पडदा आणला. तो जेवणाची खोली आणि सज्जा यांच्यामध्ये असे.

माझा दिनक्रम घड्याळासारखा. पहाटे स्नान, नामस्मरण, पूजा. मग शुद्धीकरण यंत्राचे टप्‌ टप्‌ ऐकत तांब्या भरायचा आणि सहाही कुंड्यांना पाणी घालायचे. दुपारी बाराला नैवेद्य. देवापुढे ताट ठेवायचे, पाण्याचे मंडल करायचे, घंटा वाजवायची आणि देवघराचा पडदा ओढून पाठ फिरवायची. जेवणाऱ्याकडे पाहू नये. त्यानंतर माझे जेवण, सोवळ्यात आणि मौनात. मुंज झाल्यापासून त्याची रीत बदललेली नाही. ताटाभोवती पाणी फिरवायचे, ताटाच्या उजव्या बाजूला भाताची पाच शिते ठेवायची, तळहातावर चमचाभर पाणी घेऊन ते ओठांनी ओढायचे, आणि मग पहिला घास. जेवण संपल्यावर पुन्हा तसेच चमचाभर पाणी. ही शिते आणि हे पाणी मुंज झालेल्या पुरुषाचे. बायका ते करीत नाहीत. रमा तर पाणी ओढण्याच्या त्या बारीक आवाजाची नक्कल करून मला चिडवी.

वर्षश्राद्ध उरकल्यानंतरचा तो पहिला पितृपक्ष. सवाष्ण गेलेल्या स्त्रीची तिथी नवमी. अधिकार शिशिरचा, परंतु त्याला कामासाठी दिल्लीला जावे लागले. "बाबा, तुम्ही करून घ्या. आई को चलेगा," असे त्याने फोनवर सांगितले.

मला एवढेच हवे होते की कावळ्याने घास घ्यावा आणि रमा सुखी आहे हे मला कळावे. वय शहात्तर झाल्यावर माणसाला याहून मोठे प्रश्न उरत नाहीत.

३

नवमीला ऋताने वडे, खीर, कढी, गवार असा सारा स्वयंपाक केला. गाईचे पान गाईला दिले. रस्त्यांवर गाई पुष्कळ. कावळ्याचे पान घेऊन मी गच्चीवर गेलो. श्राद्धात जानवे उजव्या खांद्यावर घ्यायचे असते, तसे घेतले. रमाचे नाव आणि गोत्र उच्चारून हाक मारली.

आकाश धुतल्यासारखे रिकामे होते. दूरवर एक क्रेन, त्यापलीकडे अर्धवट इमारती. एकही पाखरू नाही.

दीड वाजेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. खालून पहारेकरी हिरालालने विचारले, "का देखथव, बाबूजी?"

"कावळा येतो का इकडे?"

"इहां कउवा नइ आवय बाबूजी. न रूख, न कचरा. कउवा मन सब भनपुरी डहर हें." भनपुरी म्हणजे जुन्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग त्याला माझ्या तोंडाकडे पाहून दया आली असावी. "आ जाही. अमावस तक आ जाही."

दोन वाजता ऋता वर आली. "बाबा, चला न खाली. साखर कमी होते तुमची. गाईले दिलं न आपण, झालं ते."

मी पान घेऊन उतरलो. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. पान कुठे ठेवावे हे सुचेना म्हणून सज्ज्यात गेलो आणि समोर ती सर्वांत मोठी घटपर्णी होती. तिचा एक घट वीतभर लांब. लालसर काठ ओला, झाकण उघडे. रमाची थट्टा आठवली. नाव उच्चारावे, गोत्र उच्चारावे, एवढे भान राहिले नाही. किंवा तोंडातून निघाले नाही. भाताचा एक लहान घास खिरीत बुडवून मी त्या घटात सोडला आणि म्हणालो,

"आता तू तरी घे. ये, जेव."

हात धुऊन परत आलो तेव्हा घटाचे झाकण मिटलेले होते.

४

माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला आहे, उजव्यातला काढायचा आहे. त्या दिवशी उन्हात दोन तास गेले होते, पोटात काही नव्हते. म्हणून दोन घास खाऊन, चष्मा पुसून मी पुन्हा पाहायला गेलो. झाकण उघडे होते, जसे नेहमी असते. मनाशी म्हटले, झाले. म्हाताऱ्याचे डोळे.

परंतु घटात भात नव्हता. रमाच्या वहीप्रमाणे मुंगीसुद्धा विरघळायला आठवडे लागतात, आणि शिजलेले अन्न टाकले तर घट सडून काळा पडतो. हा घट काळा पडला नव्हता. आतले पाणी स्वच्छ होते आणि त्याला कसलाही वास नव्हता.

दशमीला मी बुद्धिपुरस्सर पाहायचे ठरवले. देवाचा नैवेद्य झाल्यावर त्याच ताटातला चिमूटभर वरणभात घटात सोडला आणि समोर उभा राहिलो. झाकण हलले नाही. दहा मिनिटे गेली. मग माझे मलाच वाटले की जेवणाऱ्याकडे असे टक लावून पाहणे बरे नव्हे, आणि जुन्या सवयीने मी पाठ फिरवली. तेवढ्यात मागे एक आवाज झाला. बारीक, ओला, ओढून घेतल्यासारखा. शुद्धीकरण यंत्र टाकी भरली की असाच काही आवाज करून थांबते, तेच असणार.

वळून पाहिले. झाकण मिटले होते.

कुंडीखालच्या बशीत भाताची पाच शिते होती. ओळीने. ती माझ्या डाव्या हाताला होती. म्हणजे माझ्याकडे तोंड करून तिथे कोणी बसले असेल तर त्याच्या उजव्या हाताला.

घास सोडताना बोटांतून सांडली असतील, असे मी म्हटले. पाच वेळा म्हटले.

खरे सांगायचे तर त्या दुपारी मला भय वाटले नाही. मी पडद्याशी उभा राहून रडलो. कावळा आला नव्हता, पण रमाने घास घेतला होता, तिने सांगितले होते तिथेच. नाही म्हणून राहिली नव्हती.

५

एकादशीला माझा उपास. मी भाताला शिवत नाही. पण ऋताने तिच्यापुरता टाकला होता. रमा आयुष्यात कधी एकादशी करीत नसे. उलट त्या दिवशी मुद्दाम माझ्यासमोर भातावर तूप ओढून घेई. म्हणून मी ऋताच्या पातेल्यातला घास घेतला आणि घटात टाकला. मनात म्हटले, आज तर तुझी आवडती वेळ.

संध्याकाळपर्यंत तीनदा जाऊन पाहिले. झाकण उघडे. भात तसाच, पाण्यावर तरंगत, किंचित फुगलेला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बरे वाटले. भास होता तर. झाड म्हणजे झाड.

द्वादशीला सूर्योदयी पारणे फेडायचे म्हणून उठलो. तांब्या भरून सज्ज्यात गेलो. भात नव्हता. झाकण नुकतेच उघडत असल्यासारखे अर्धवट होते. बशीत, माझ्या डाव्या हाताला, पाच शिते. आणि या वेळी बशीच्या भोवती फरशीवर पाण्याची एक रेघ, पुरी वाटोळी, अजून ओली.

मी तांब्या खाली ठेवला. घोडीला धरून उभा राहिलो.

पहिला विचार आला तो वेड्याचा: मेल्यानंतर का होईना, रमा एकादशी पाळू लागली. मला क्षणभर हसूही आले. दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला आणि तो मी अजून मनाच्या बाहेर काढू शकलेलो नाही. एकादशी पाळायला शिकता येते. परंतु पाच शिते रमा का ठेवील? पाण्याचे मंडल रमा का करील? तो आवाज, तळहातावरचे पाणी ओठांनी ओढल्याचा, तो या घरात फक्त मी करतो.

तर मग ते मीच केले असेल. बासष्ट वर्षांची सवय. हात आपोआप करीत असेल. झोपेत उठून सज्ज्यात गेलो असेन. हे पटण्यासारखे होते. मी ते स्वतःला पटवून दिले आणि दिवसभर माझ्या हातांकडे संशयाने पाहत राहिलो.

६

त्रयोदशीला बारा वाजण्याच्या सुमारास हिरालालला वडे द्यायला आणि कावळ्याची चौकशी करायला मी फाटकापर्यंत गेलो. पाण्याच्या टाकीवर एक कावळा पाहिल्यासारखे वाटले, असे त्याने सांगितले. आम्ही दोघे माना वर करून बराच वेळ उभे होतो. परत आलो, नैवेद्य दाखवला, आणि पाटावर बसत म्हणालो, "ऋता, वाढ."

ऋता स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात माझे ताट नव्हते.

"बाबा, तुम्ही आत्ताच तं जेवले न?"

"मी? मी फाटकाशी होतो."

"त्याच्या आधी हो. बाल्कनीत. पाटावर बसून जेवून राहिले होते." ती हसली. "अन्‌ आता म्हणता वाढ. शुगरची गोळी दोनदा नका घेऊ मात्र."

"तू मला पाहिलेस?"

"पाठ दिसली न. जानवं, पंचा, सगळं. मी म्हटलं गरमी होऊन राहिली असेल आत, म्हणून तिकडे बसले."

"काय खात होतो मी?"

"ते मी कशी पाहणार, बाबा? तुमचं सोवळं असते. जेवताना तुम्ही बोलत नाही, कोणी जवळ आलेलं चालत नाही तुम्हाले. मी पडदा सारखा केला अन्‌ आली परत."

मी स्वतःच हे नियम या घरात आणले होते. लग्न होऊन आल्यापासून या पोरीने ते बिनतक्रार पाळले होते. जेवताना मी कोण आहे, हे जवळ येऊन पाहण्याची मुभा मी कोणालाच ठेवली नव्हती.

मी उठलो आणि सज्ज्यात गेलो. माझा जुना पाट, जो तात्यापाऱ्याहून आणल्यापासून देवघराखाली असायचा, तो घोडीसमोर मांडलेला होता. हात लावून पाहिला. फरशी थंड होती. पाट थंड नव्हता.

७

त्या रात्री शिशिरला फोन केला. मी त्याला सगळे सांगू शकलो नाही. म्हटले, घटपर्ण्यांपैकी एक दुसऱ्या कोणाला द्यावी असे मनात आहे.

"अरे बाबा, दे दो ना. पण तुम्हीच तर घाटावर आईला शब्द दिला होता. कावळा त्यावरच आला."

"तेच तर."

"तब्येत ठीक आहे ना? ऋता सांगत होती, तुम्ही विसरून राहिले आजकाल. परवा रात्री मी येतो, आपण डॉक्टरांना दाखवू."

मी फोन ठेवला. माझी अडचण त्याला कशी सांगणार? ते झाड तोडावे तर रमाला दिलेले वचन मोडते, आणि वचनावरच ती मोकळी झाली होती. ते झाड ठेवावे तर त्याच्यात कोण जेवते ते मला ठाऊक नाही. आणि जर ती रमाच असेल, माझ्या सवयी उसन्या घेऊन का होईना मला ओळख पटवत असेल, तर मी तिला पानावरून उठवायचे? कीर्तनात आयुष्यभर ऐकले की सर्वांभूती एकच आहे. ऐकताना डोळ्यांत पाणी येई. पण भूत समोर पाटावर बसले असता त्याच्याशी कसे वागावे, हे कोणी सांगितले नव्हते.

चतुर्दशीला मी घास टाकला नाही. पाणी घातले, वचनापुरते, आणि पडदा पूर्ण ओढून घेतला.

दुपारी ताटावर बसलो. पाणी फिरवले. पाच शिते ठेवली. तळहातावर पाणी घेऊन ओढले.

पडद्याच्या पलीकडे, माझ्या आवाजाच्या किंचित मागून, कोणी पाणी ओढले.

मी घास तोंडात घातला नाही. जेवणाची खोली शांत होती. यंत्र बंद होते. मीच त्याची कळ दाबून आलो होतो. बराच वेळ मी तसाच बसलो, हातातला भात वाळेपर्यंत. पलीकडेही कोणी हालत नव्हते. मी जेवेन तेव्हाच जेवायचे, अशी ती शांतता होती.

शेवटी मी ताट सारून उठलो. त्या दिवशी आम्ही दोघेही उपाशी राहिलो.

८

सर्वपित्री अमावास्या. या दिवशी पितर परत जातात; त्यानंतर कोणी दाराशी थांबत नाही. मी सकाळपासून तेवढ्याच एका विचाराला धरून होतो. काही असेल ते आज जाईल.

साडेअकराला पान घेऊन गच्चीवर चढलो. जानवे उजव्या खांद्यावर घेतले. या वेळी आवाज खणखणीत ठेवला. "भारद्वाज गोत्राची, रमा..." नाव पूर्ण उच्चारले, गोत्र पूर्ण उच्चारले.

पाण्याच्या टाकीवरून कावळा उडाला. सरळ आला. कठड्यावर बसला नाही, मान वाकडी करून पाहिले नाही. पानावरच उतरला आणि खिरीत भिजलेला घास चोचीत धरून वर उठला. खालून हिरालाल ओरडला, "आ गे बाबूजी! आ गे!"

मी हात जोडले. सहा दिवसांचा धोंडा छातीवरून उतरला. रमा उपाशी नव्हती, रागावली नव्हती, तिचे काही अडले नव्हते. तिला फक्त तिच्या नावाने हाक मारायला हवी होती. मी ती नवमीलाही मारली होती. यायला कावळाच नव्हता, इतकेच.

मी डोळे पुसले. आणि मग, उन्हात उभा असताना, गार वाटले.

घटाशी मी नाव घेतले नव्हते. "तू घे" म्हणालो होतो. रमा आत्ता आली होती. म्हणजे सहा दिवस जे जेवत होते, ते...

जिना उतरताना मी कठडा सोडला नाही.

ऋता जेवणाच्या खोलीत, सज्ज्याच्या दाराशी उभी होती. पाठ माझ्याकडे. डाव्या हातात भाताचे पातेले, उजव्यात भातवाढी. पडदा अर्धा सरकलेला. ती सज्ज्याकडे तोंड करून, हळू आवाजात, सोवळ्याचा मान ठेवून बोलत होती.

"अजून वाढू का, बाबा? काल काहीच खाल्लं नाही तुम्ही. आज पोटभर जेवा."

"ऋता," मी म्हणालो.

ती वळली. माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आले नाही. मग तिने मान वळवून सज्ज्याकडे पाहिले, आणि पुन्हा माझ्याकडे.

"बाबा," ती म्हणाली, "मग मी दोनदा भात वाढला, तो कोणाले?"

पडद्याच्या उघड्या अर्ध्या भागातून मला दिसले ते एवढेच. माझे ताट. त्याभोवती पाण्याची ओली रेघ. उजव्या बाजूला पाच शिते. हिरव्या जाळीच्या सावलीत एका पाठीची गोलाई, आणि तिच्यावरून तिरका गेलेला जानव्याचा दोरा, उजव्या खांद्यावरून. श्राद्धाचा. माझा हात आपोआप खांद्याकडे गेला. माझेही अजून तिथेच होते. त्या पाठीपलीकडे घोडीवरच्या सहाही कुंड्यांचे सगळे घट मिटलेले होते.

मी पुढे जायला हवे होते. कोण आहेस, असे विचारायला हवे होते. बासष्ट वर्षांच्या सवयीने मी वेगळेच केले. अर्धवट जेवलेल्याला पानावरून उठवू नये आणि जेवणाऱ्याकडे पाहू नये, हे दोन नियम माझ्या हाडांत आहेत. मी हात लांब करून पडदा ओढून घेतला.

आम्ही दोघे पडद्याअलीकडे उभे राहिलो. ऋताने माझ्या पंच्याचा काठ मुठीत धरला होता. जेवण संपले की शेवटचे पाणी ओढल्याचा आवाज येईल आणि मग, अमावास्या आहे, ते जाईल, अशी माझी समजूत होती. मी तो आवाज ऐकण्यासाठी कान देऊन उभा होतो.

तो आला नाही. स्टीलचे ताट फरशीवर घासत सरकले. पडद्याच्या खालून त्याची कड बाहेर आली, चार बोटे, आणि थांबली. ताट रिकामे होते.

ऋताने सवयीने भातवाढी उचलली, आणि मी तिला थांबवले नाही.